भयाच्या छायेत लोकमत कसे मोजावे?

वर्गात एखादे कठीण गणित फळ्यावर सोडवून झाले, की गुरुजी विद्यार्थ्यांकडे वळून विचारतात, "समजले ना सर्वांना?" सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो, "होय, गुरुजी!" पुढे आठ दिवसांनी तेच गणित चाचणीत येते आणि निम्म्या वर्गाला ते सुटत नाही. मग तो होकार खोटा होता काय? सर्वस्वी खोटा नव्हता. काहींना गणित खरोखरच समजले होते. काहींना आपल्याला समजले आहे असे केवळ वाटत होते. काहींनी शेजारचा मान हलवितो आहे हे पाहून आपलीही मान हलविली. आणि काहींना नाही म्हणण्याचे भय वाटले. एकाच होकाराच्या पोटात चार प्रकारची मने दडलेली होती.

विद्यार्थिमित्रांनो, आता अशी कल्पना करा, की प्रश्न गणिताचा नाही, देशाच्या सर्वसत्ताधीशाविषयीचा आहे. आणि नकार देणाऱ्यावर गुरुजींच्या रागाऐवजी नोकरी जाण्याची किंवा तुरुंगाची पाळी येऊ शकते. अशा देशात कोणी दारोदार जाऊन "आपल्या नेत्यावर तुमचा विश्वास आहे काय?" असे विचारले आणि शंभरांतील ऐंशी जणांनी "आहे" असे सांगितले, तर त्या ऐंशीचा अर्थ काय समजावा? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी दोन शब्दांमधील भेद ध्यानी घेतला पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकात जनमत कौल घेण्यात आला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, एवढाच प्रश्न तेव्हा लोकांपुढे होता. तेथे प्रत्येक मतदाराला मत देण्याचा अधिकार होता, मत गुप्त होते आणि निकाल शासनाला मान्य करावा लागला. जनमत चाचणी ही ह्याहून वेगळी गोष्ट आहे. तीत सर्वांना विचारीत नाहीत; थोड्या लोकांना निवडून विचारतात आणि त्यांच्या उत्तरांवरून सर्वांच्या मताचा अंदाज बांधतात. कौल हा निर्णय असतो. चाचणी हे केवळ अनुमान असते.

थोड्यांवरून सर्वांचे अनुमान करता येते काय, अशी शंका कोणालाही येईल. परंतु आपल्या घरातील माउली तेच रोज करीत असते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण म्हणजे चाचणीशास्त्राचे सारच होय. मात्र शीत कोठून उचलले ह्याला महत्त्व आहे. वरचेच शीत पाहिले आणि तळाचा भात करपला असला, तर परीक्षा फसते. १९३६ साली अमेरिकेत असेच घडले. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून अध्यक्षपदी लँडन निवडून येणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे मिळविली होती ती मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारगाड्या असणाऱ्यांच्या याद्यांतून, म्हणजे भांड्यातील वरच्या थरातून. शिवाय ज्यांनी आपण होऊन उत्तर धाडले तेवढीच मते मोजली गेली. ह्याउलट जॉर्ज गॅलप यांनी पुष्कळच कमी लोकांना, पण समाजाच्या सर्व थरांतून निवडून विचारले आणि त्यांचे अनुमान खरे ठरले.

तेव्हापासून नमुना कसा निवडावा ह्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. परंतु तांदळाचे शीत आणि माणूस ह्यांत एक मोठे अंतर आहे. शीत शिजले नसेल तर ते शिजल्याचे सोंग आणीत नाही. माणूस आणू शकतो. म्हणून जनमत चाचणीला दोन अटी लागतात: माणसे योग्य निवडली गेली पाहिजेत, आणि निवडलेल्या माणसाला खरे बोलणे परवडले पाहिजे. पहिली अट गणिताने पुरी करता येते. दुसरी मात्र गणितज्ञाच्या हाती नसून देशातील वातावरणाच्या हाती असते.

ह्याचे एक लहानसे, पण बोलके उदाहरण मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाचे आहे. तेथे १९७९ च्या क्रांतीनंतर सँडिनिस्टा पक्ष सत्तेवर होता. २५ फेब्रुवारी १९९० रोजी निवडणूक व्हावयाची होती, आणि अध्यक्ष डॅनियल ओर्तेगा सहज जिंकतील असे बहुतेक चाचण्या सांगत होत्या. प्रत्यक्षात विरोधी आघाडीच्या व्हायोलेटा चामोरो यांना सुमारे ५५ टक्के मते मिळाली व ओर्तेगा यांना सुमारे ४१ टक्के. त्याच सुमारास काही अभ्यासकांनी एक प्रयोग केला होता. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हाती तीन प्रकारच्या लेखण्या दिल्या होत्या: काहींवर सत्ताधारी पक्षाची खूण, काहींवर विरोधी आघाडीची, आणि काही कोणाचीच खूण नसलेल्या. प्रश्न तेच, पण उत्तरे लेखणीप्रमाणे बदलली. सत्ताधाऱ्यांची लेखणी पाहून लोकांनी ओर्तेगांना अधिक पसंती दिली. विरोधकांची लेखणी पाहिली तेव्हा चामोरो पुढे गेल्या. विशेष म्हणजे, खूण नसलेली लेखणी पाहूनही ओर्तेगाच पुढे राहिले. म्हणजे जो कोणाचाच नाही असे म्हणतो, तोही सरकारचाच असावा, असे लोकांनी धरले. भयाच्या राज्यात तटस्थ माणूसही संशयाच्या फेऱ्यातून सुटत नाही.

आता रशियाकडे वळू. ह्या विषयाचा तेथील इतिहास दीर्घ आहे आणि बोधप्रदही आहे.

स्टालिनच्या काळात जनमत चाचण्या नव्हत्याच. परंतु जनगणना होती. जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत संघाची शिरगणती झाली. लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लक्ष भरली. शासनाने जाहीर केलेल्या अपेक्षांपेक्षा हा आकडा पुष्कळच कमी होता, कारण १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली होती. त्या गणनेत धर्मश्रद्धेविषयीही प्रश्न होता. निरीश्वरवादाचा पुरस्कार करणाऱ्या त्या राज्यात अर्ध्याहून अधिक प्रौढांनी आपण श्रद्धावान असल्याचे लिहवून दिले. झाले! ती गणनाच रद्द करण्यात आली आणि ती घेणाऱ्या प्रमुख संख्याशास्त्रज्ञांना पकडण्यात आले. कित्येकांना देहान्त शिक्षा झाली. १९३९ साली नवी गणना घेण्यात आली व तिच्यातून सत्तेला रुचेल असा, १७ कोटींचा आकडा बाहेर आला. मृतांची संख्या लपविण्यासाठी जिवंतांची संख्या वाढविली गेली. आकड्यांशी सत्तेचे वैर असे पुरातन आहे.

पुढे गोर्बाचेव्ह यांच्या काळात वारे फिरले. १९८७ साली मॉस्कोत लोकमताच्या अभ्यासासाठी एक अखिल-संघीय केंद्र स्थापन झाले. तात्याना झास्लाव्स्काया ह्या विदुषी त्याच्या पहिल्या प्रमुख होत्या. त्यांच्यानंतर १९९२ मध्ये युरी लेवादा हे समाजशास्त्रज्ञ प्रमुख झाले. ह्याच लेवादांना १९६९ साली समाजशास्त्रावरील व्याख्यानांबद्दल पक्षाच्या रोषामुळे विद्यापीठातील अध्यापन सोडावे लागले होते. २००३ साली शासनाने केंद्राचे संचालक मंडळ बदलून ते आपल्या माणसांच्या हाती देण्याचे ठरविले. तेव्हा लेवादांनी पद सोडले. आणि केंद्रातील संशोधक सहकारीही त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले. जुने नाव आणि जुनी इमारत शासनाकडे राहिली; विद्या आणि विश्वास मात्र त्या मंडळींबरोबर गेला. त्यांनी काढलेली नवी संस्था 'लेवादा केंद्र' ह्या नावाने ओळखली जाते. लेवादा २००६ साली निवर्तले. २०१६ साली शासनाने ह्या संस्थेवर 'परकीय हस्तक' असा शिक्का मारला. तरीही तिने आपले काम थांबविले नाही.

ह्या केंद्राची नेहमीची रीत अशी, की देशाच्या निरनिराळ्या भागांतील सुमारे १६०० प्रौढ व्यक्तींना त्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारावयाचे. व्लादिमीर पुतिन यांच्या कारभाराला तुमची मान्यता आहे काय, हा त्यांतील एक प्रश्न. त्याची उत्तरे पाहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये ६१ टक्के लोकांनी होकार दिला होता. मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया आपल्यात सामील करून घेतला आणि आकडा ८० वर गेला. जून २०१५ मध्ये तो ८९ होता. २०१८ च्या उन्हाळ्यात निवृत्तिवेतनाचे वय वाढविण्याचा बेत जाहीर होताच तो ८० च्या आसपासून ६७ च्या आसपास घसरला. एप्रिल २०२० मध्ये ५९ झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि मार्चमध्ये तो ८३ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात सैन्यात सक्तीच्या भरतीची घोषणा झाली, तेव्हा ८३ वरून ७७ वर आला.

ह्या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. ते केवळ बनावट असते, तर असे चढउतरले नसते. घरातील म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन लांबले किंवा मुलाला रणांगणाचे बोलावणे आले, की आकडा खाली येतो. म्हणजे भीती असूनही लोकांच्या मनातील काही भाग त्यात उतरतोच. मग प्रश्न उरतो, तो किती उतरतो?

हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक चतुर युक्ती काढली आहे. तिला यादीची पद्धत म्हणता येईल. तुम्हाला ती वर्गातही करून पाहता येईल. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाला तीन वाक्ये द्या: मला पोहता येते, मला कारल्याची भाजी आवडते, मी पहाटे पाचला उठतो. प्रत्येकाने ह्यांपैकी किती वाक्ये आपल्याला लागू आहेत एवढी संख्याच चिठ्ठीवर लिहावयाची. कोणती ते लिहावयाचे नाही. दुसऱ्या गटाला तीच तीन वाक्ये आणि चौथे एक द्या: मी दुसऱ्याच्या वहीतून गृहपाठ उतरविला आहे. समजा, पहिल्या गटाची सरासरी १.२ आली आणि दुसऱ्याची १.८. हा वाढलेला ०.६ चौथ्या वाक्यामुळे आला. म्हणजे सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांनी गृहपाठ उतरविला आहे असे अनुमान निघते. पण कोणी उतरविला हे गुरुजींनाही कळत नाही! झाकली मूठ झाकलीच राहते आणि आतले नाणे मात्र मोजले जाते.

२०१५ च्या आरंभी काही अमेरिकी अभ्यासकांनी लेवादा केंद्राच्या साहाय्याने हीच पद्धत रशियात वापरली. कित्येक नेत्यांची यादी देऊन "ह्यांपैकी किती जणांना तुमचा पाठिंबा आहे?" असे विचारले, निम्म्यांच्या यादीत पुतिन यांचे नाव घातले, निम्म्यांच्या यादीत घातले नाही. सरळ प्रश्नाला ८६ ते ८८ टक्के लोकांनी होकार दिला होता. यादीच्या पद्धतीने हा पाठिंबा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. फरक होता, पण डोंगराएवढा नव्हता. भीतीने आकडा फुगला होता हे खरे. त्याचबरोबर त्या वर्षी बहुसंख्य रशियन लोकांचा पाठिंबा मनापासून होता, हेही खरे. पुढे २०२२ साली युद्धाविषयी अशीच चाचणी झाली. सरळ विचारता ६८ टक्क्यांनी युद्धाला पाठिंबा दर्शविला, यादीच्या पद्धतीने तो ५३ टक्के निघाला. दोन्ही चाचण्यांचा विषय आणि नमुना वेगवेगळा असल्यामुळे त्यांची सरळ तुलना करू नये. तथापि मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरविण्यास पंधरा वर्षांपर्यंतच्या कारावासाचा कायदा झाला होता, हे विसरून चालणार नाही. ही पद्धतही निर्दोष नाहीच. ज्याचा प्रश्नकर्त्यावरच विश्वास नाही, तो दार लावून घेतो किंवा संख्याही चुकीची सांगतो.

प्रश्नाची शब्दयोजनाही उत्तराला वळण लावते. रशियातील शासकीय चाचणी संस्था लोकांना विचारीत असे, की ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा राजकीय व्यक्तींची नावे सांगा. नाव आपण होऊन सुचावे लागे. मे २०१९ मध्ये पुतिन यांचे नाव घेणारे ३१.७ टक्केच निघाले. तेरा वर्षांतील हा नीचांक होता. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून ह्याचे स्पष्टीकरण मागितले गेले. लगेच संस्थेने प्रश्न नव्याने घडविला: "पुतिन यांच्यावर तुमचा विश्वास आहे की नाही?" आता ७२.३ टक्के लोकांनी "आहे" असे सांगितले. एका आठवड्यात देशाचे मन पालटले नव्हते; पालटला होता तो प्रश्न. आपल्या मनाने कोणाचे नाव घेणे निराळे, आणि कोणी नाव पुढे ठेवल्यावर त्याला नाही न म्हणणे निराळे. पहिल्यात विश्वास असतो. दुसऱ्यात विश्वास असेल, भीड असेल, सवय असेल किंवा नुसता कंटाळाही असेल.

येथे आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा. भीती हे एकच कारण नव्हे. जेथे दूरचित्रवाणीवर एकाच बाजूचे ऐकू येते, आणि प्रबळ विरोधक एकतर परागंदा होतात किंवा तुरुंगात जातात, तेथे "हा नाही तर कोण?" ह्या प्रश्नाला लोकांपाशी उत्तर उरत नाही. अलेक्सेई नवाल्नी ह्या विरोधी नेत्याचा फेब्रुवारी २०२४ मध्ये तुरुंगातच मृत्यू झाला. ज्या बाजारात एकच दुकान उघडे आहे, तेथील गर्दीवरून मालाची परीक्षा करता येत नाही.

अशा राज्यात फसवणूक प्रजेची होते असे आपल्याला वाटते; परंतु सर्वांत अधिक फसतो तो सत्ताधीश स्वतः. ज्याला सर्व भितात, त्याला कोणीच खरे सांगत नाही. जितके भय अधिक, तितका त्याचा अंधार अधिक. नोव्हेंबर १९८९ मध्ये रुमानियाच्या साम्यवादी पक्षाने निकोलाय चाउशेस्कू यांची सरचिटणीस म्हणून एकमताने पुनर्निवड केली. २१ डिसेंबर रोजी बुखारेस्टमध्ये त्यांच्या समर्थनार्थ प्रचंड सभा भरविण्यात आली. भाषण चालू असता गर्दीतून निषेधाचे आवाज उठले, आणि दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने त्यांचा गोंधळलेला चेहरा पाहिला. शेजाऱ्याच्याही मनात आपल्यासारखेच आहे, हे प्रत्येकाला त्या क्षणी कळले. चारच दिवसांनी, २५ डिसेंबरला, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एकमताचा तो ठराव महिनाभरही टिकला नाही.

आपल्या देशालाही ह्या अनुभवाचा थोडा वाटा मिळालेला आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि विरोधी नेते तुरुंगात गेले. त्या वर्षी कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत निर्भयपणे बोलल्या. पण असे बोलणारे थोडे होते. बहुतेकांचे तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली, तेव्हा सत्ताधारी पक्ष पुन्हा निवडून येईल असा पुष्कळांचा समज होता. मार्चमध्ये मतपेट्या उघडल्या तेव्हा काँग्रेस पक्षाला १५४ जागा मिळाल्या आणि पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या. वीस महिने जे ओठांवर आले नव्हते, ते पडद्याआडच्या शिक्क्याने सांगितले. रुमानियात सत्य बाहेर येण्यासाठी रक्त सांडावे लागले. येथे ते मतपेटीतून आले, आणि सत्ताधाऱ्यांनी निकाल मानून सत्ता सोडली. गुप्त मतदानाची किंमत ह्या एका तुलनेवरून कळते.

मग अशा देशांतील चाचण्या निरुपयोगी समजून फेकून द्याव्यात काय? तसे मुळीच नाही. ताप मोजण्याची नळी सदोष असली, तरी ताप चढतो आहे की उतरतो आहे एवढे ती सांगू शकते. आकडा वाचताना मात्र चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: कोणी विचारले? कोणाला विचारले? कोणत्या शब्दांत विचारले? आणि नाही म्हणणाऱ्याचे पुढे काय होते? ह्यांतील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अविश्वास दाखविण्याची मोकळीक जेथे आहे, तेथेच विश्वासाच्या आकड्याला पूर्ण मोल असते.

श्रावणी सोमवारी आपल्या घरोघरी खुलभर दुधाची कहाणी सांगतात. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा संकल्प केला आणि गावातील सगळे दूध देवळात आणण्याची दवंडी पिटविली. लोकांनी धाकाने मुलांच्या तोंडचे व वासरांच्या वाट्याचे दूध नेऊन ओतले. पण गाभारा काही भरेना. एका म्हातारीने मुलेमाणसे, गाईवासरे तृप्त करून उरलेले खुलभर दूध भक्तिभावाने वाहिले आणि गाभारा भरला. हुकमाने आणलेले दूध राजाने घागरींनी मोजले असेलही. त्याच्या कारकुनाने वहीत भला मोठा आकडा लिहिलाही असेल. तो आकडा खोटा नव्हता. पण गाभारा रिता का राहिला, हे त्या वहीतून त्याला कधीच कळले नसते. त्यासाठी त्याला म्हातारीकडे जाऊन, तिला अभय देऊन विचारावे लागले.